शुक्रवारची मोरी

आमच्या घरात आजवर जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी मोरीवरून झाली. उरलेली निम्मी, मोरी साफ केल्यावर तिथून उठून आलेल्या माणसाला लगेच कॉफी मिळाली नाही म्हणून झाली. मी कऱ्हाडची, लग्न होऊन तंजावूरला आले, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. माझ्या माहेरी न्हाणीघराचं पाणी परसातल्या केळीला जायचं, त्यामुळे मोरी तुंबणे हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. इथे आल्यावर पहिल्याच शुक्रवारी घोट्याएवढ्या हिरव्या पाण्यात उभी राहिले आणि ओरडले. तेव्हापासून ओरडतेच आहे.

कारण साधं आहे. इथे शुक्रवारी बायकांचं तेलस्नान, शनिवारी पुरुषांचं. तेलस्नान म्हणजे बोटभर तेल टाळूला लावणं नव्हे. वाटीभर तिळाचं तेल मिरं घालून कोमट करायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत चोळायचं आणि मग ते काढायला शिकेकाई किंवा अरप्पु. अरप्पु ही झाडपाल्याची हिरवी पूड, पेजेत कालवून डोक्याला थापतात. केस अगदी रेशमासारखे होतात, खोटं कशाला बोलू. पण ते तेल, ती पूड आणि गळलेले केस हे तिघं मोरीच्या पाइपात एकमेकांना भेटले की त्यांची जी गट्टी जमते, ती काही केल्या सुटत नाही.

ती सोडवायचे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. कऱ्हाडला हे शब्द आता कोणी काढले तर हसतील, इथे रोजचे आहेत. ह्या दोघांची मराठी अशीच, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यांची, माझ्या पणजीच्या तोंडची वाटावी अशी. ‘गं’च्या जागी ‘गे’, ‘कुठे’च्या जागी ‘कोठे’, ‘नको’च्या जागी ‘नोको’ आणि वर तमिळचा हेल. मामंजी रेल्वेत तिकीटखिडकीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकेक काम हातात घेतलं आणि वय वाढत गेलं तसं आमच्या ह्यांनी एकेक काम त्यांच्या हातातून काढून घेतलं. काळजीपोटीच, पण काढून घेतलं. स्कूटर गेली. वीजबिल फोनमध्ये गेलं. बाजारहाट माझ्याकडे आला. शेवटी उरली ती मोरी, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती.

मोरीवर मात्र त्यांचं राज्य होतं. मोडक्या छत्रीची काडी टोकाला वाकवून त्यांनी एक आकडा केला होता. तो, तवा खरवडायचं एक जुनं उलथणं आणि धुण्याच्या सोड्याची पुडी एका पत्र्याच्या डब्यात असे. शुक्रवारी आत्याबाईंची अंघोळ झाली की त्या आतूनच हाक मारत, “अहो, पाणी जात नाही!” आणि मामंजी कमरेला तुंडु, म्हणजे टॉवेल, गुंडाळून “आलो, आलो” करत निघत. आधी आकडा, मग सोडा, मग गरम पाणी, आणि शेवटी दोन घागरी एकदम. मग कान लावून बसत. पाइपातून गुडगुड आवाज आला की मोठ्यानं म्हणत, “गेली!” कोण गेली ते कोणी विचारत नसे. आणि मग कॉफी. ती तयार नसली तर वर सांगितलंच.

एका पोंगलच्या आधी, सणाची साफसफाई चालू असताना, मामंजी त्याच मोरीत तेलावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली, डॉक्टर म्हणाले टाके सुकले, हाड जुळलं, आता चालायचं. मामंजी काही चाललेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, गोड होती बिचारी, “थाथा, काल उचला” म्हणायची. आजोबा, पाय उचला. मामंजी डोळे मिटून घ्यायचे. आणलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता, त्यावर आम्ही हळूहळू ओले टॉवेल वाळत घालायला लागलो. यावरून काय ते समजा.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. इथे मुंगीनंही पाऊल उचलायला नकार दिला होता. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, “हाडाचं काम झालं. आता मन नाही लागत त्यांचं. या उन्हाळ्यात उठले नाहीत तर पुढे उठणार नाहीत.” आत्याबाई आमच्या मागेच उभ्या होत्या. डॉक्टर इंग्रजी सोडून तमिळमध्येच बोलत होते, तेव्हा त्यांनाही सगळं कळलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि रिक्षात जाऊन बसल्या.

ह्यांनी आपल्या परीनं वडिलांसाठी जे सुचलं ते केलं, म्हणजे मोरी सुधारली. सरकारी इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार! लाल गिलाव्याची जमीन उकरून खरबरीत फरशी बसवली, पाइप बदलला, भोकावर बारीक भोकांची स्टीलची जाळी ठेवली, वर एक तुंबारा काढायच्या औषधाची बाटली आणून फळीवर मांडली. पत्र्याचा डबा माळ्यावर गेला. “आता कोणाला मोरीत बसायला नको,” ते मोठ्या समाधानानं म्हणाले. मीही खूश झाले. आतल्या खोलीत मामंजींनी कूस बदलल्याचा आवाज आला, तो मी ऐकला आणि त्याचा अर्थ काही लावला नाही.

मग एका शुक्रवारी मोरी तुंबली.

आत्याबाई डोक्याला टॉवेल बांधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पाणी जात नाही.” मी म्हटलं शक्यच नाही. जाऊन बघते तर हिरवं तळं. तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी उचलली, बाटली उपडी केली, झाडूच्या दांड्यानं ढोसलं, पाणी हलेना. प्लंबरला फोन केला, तो तिरुवैयारुला एका कामावर गेलेला, उद्या येतो म्हणाला. मी तिथेच उभी राहून नव्या पाइपाला, ह्यांच्या इंजिनिअरिंगला आणि अरप्पु विकणाऱ्या दुकानदाराला जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याबाई दारात उभ्या राहून आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, “उद्यापर्यंत असेंच राहू दे. ह्या घरात आता कोणाला येते ते काम!”

मग आतून आवाज आला, घोगरा, कित्येक दिवस न वापरलेला. “ते औषध ओतू नोको. आधी आकडा.”

“आकडा कुठाय?” मी ओरडून विचारलं.

“माळ्यावर. तुझ्या नवऱ्यानं ठेवला. मला ऐकू आलें ठेवितांना.”

मी माळ्यावर चढले, डबा काढला, आकडा घातला. आतून सूचना चालू. “उजवीकडे वळव. उजवीकडे गे! पाइप तेथे वाकतो. ओढू नोको एकदम, तुटेल. फिरव, फिरव.” न बघता नुसत्या आवाजावरून! माझा काही तो उजवीकडे वळेना, घामाच्या धारा लागल्या, शेवटी माझा स्वभाव आडवा आलाच. “एवढं कळतंय तर या इथं आणि दाखवा की!” म्हणून मी किंचाळले. आकड्याला लागून एक काळपट-पांढरा लगदा वर आला, पाणी गुडगुडत गेलं. तो लगदा ओंजळीत धरून, खोलीच्या दारावरून जाऊन बाहेर टाकून आले. हात धुऊन मी घाबरत घाबरत खोलीत डोकावले, तर मामंजी पाय खाली सोडून पलंगावर बसले होते. आपले आपण बसले होते. “गेली?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि कॉफी ठेवायला पळाले, कारण मला रडू येत होतं.

पुढच्या शुक्रवारी मोरी पुन्हा तुंबली. ह्या वेळी त्यांनी न्हाणीघराच्या दारात खुर्ची मागितली. वॉकरवरचे टॉवेल मी ओढून फेकले. पलंग ते खुर्ची हे एवढंसं अंतर, त्याला त्यांनी जो वेळ घेतला तेवढ्यात इडल्यांचा एक घाणा झाला असता. पण आले. मग पुढच्या शुक्रवारी आकड्याला झाडूचा दांडा बांधून, स्टुलावर बसून, स्वतः काढलं. मग हळूहळू शुक्रवारची वाट न बघता रोजच सकाळी वॉकर टेकत एकदा मोरी ‘बघून’ यायला लागले. व्यायामाच्या मुलीला त्यांनी सांगितलं, “आधी गुडघा वाकायला शिकव, मला खाली बसावें लागतें.” ती बिचारी एवढी खूश झाली की येताना पेरू घेऊन आली.

आता मी काही दूधखुळी नाही. चार-पाच शुक्रवार झाल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवा पाइप, वर जाळी. जाळीवर केस अडकतात, ते मी रोज उचलून टाकते. मग जाळीच्या खाली एवढा गोळा येतो कुठून? आणि त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. आमच्या गल्लीत सायकलवरून केसवाला येतो. विंचरून निघालेलं गुंतवळ घेतो, बदल्यात भांडं देतो. आत्याबाई वर्षानुवर्षं त्याच्यासाठी गुंतवळ साठवत आल्या आहेत. विंचरून झालं की केस बोटाला गुंडाळायचे, त्याचं वेटोळं करायचं, तीनदा थू थू करायचं आणि खिडकीला टांगलेल्या कापडी पिशवीत टाकायचं. एक केस इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. “घरांत केस लोळला की कज्जा लोळतो,” म्हणायच्या. आणि मोरीत केस गेलेला तर मुळीच नाही. “मोरींत केस गेला की लक्ष्मी त्याच्या मागून जाते.” माझं नवं लग्न झालेलं असताना माझा एक केस मोरीच्या तोंडाशी दिसला म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तर त्या पिशवीवर त्यांना स्टीलचं मोठं इडलीपात्र घ्यायचं होतं, गेली कित्येक वर्षं त्याच्या गप्पा चालल्या होत्या. केसवाला दारात आला, “अम्मा, मुडी?” म्हणजे केस, अशी हाक दिली आणि आत्याबाईंनी आतूनच सांगितलं, “इल्लै पो.” नाही, जा. तो चक्रावला. त्याच्यापेक्षा मी.

पुढच्या शुक्रवारी त्या अंघोळीला गेल्या आणि टॉवेल घ्यायला विसरल्या. द्यायला गेले तर दार नुसतं लोटलेलं. फटीतून दिसलं ते असं. आत्याबाई ओल्या लुगड्यात, त्या वयात, मोरीशी उकिडव्या बसल्या होत्या. केसांच्या पिनेनं जाळी उचलून बाजूला ठेवली होती. मांडीवर कापडी पिशवी. त्यातून एकेक वेटोळं काढत होत्या, नारळाच्या शेंडीत गुंडाळत होत्या, अरप्पुच्या गाळात बुडवून बोटानं पाइपात आत, आत ढकलत होत्या. आणि दर वेळी कपाळाला हात लावून पुटपुटत होत्या, “माफ कर गे आई. एवढ्या वेळा माफ कर.”

कुंपणच शेत खात होतं! खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. एवढे शुक्रवार मी ती घाण उपसत होते, बादल्या ओढत होते, आणि ही बाई! दार ढकलून आत शिरणारच होते. पण त्यांचा तो कपाळाला लागलेला हात दिसला आणि मी मागे सरले. टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि स्वयंपाकघरात येऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. थोड्या वेळानं हाक आलीच, “अहो, पाणी जात नाही!” आणि आतल्या खोलीतून वॉकरची ठकठक, “आलो, आलो.”

मी कोणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही. ह्यांनी पाइपवाल्याशी भांडण काढलं होतं, ते त्यांना काढू दिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर आत्याबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. माझी नणंद चेन्नईला असते, तिच्याकडे राहून करायची होती. तोवर मामंजी वॉकर सोडून काठीवर आले होते. पण घरातल्या घरात, आणि तेही मोरीपर्यंतच. आत्याबाई गेल्या. पहिला शुक्रवार आला. मामंजी सकाळपासून डबा जवळ घेऊन बसले. “पाणी जातें काय?” मी म्हटलं, जातंय. “सरी,” म्हणाले. ठीक. दुपारी पुन्हा विचारलं. संध्याकाळी डबा पलंगाखाली सरकवला. दुसरा शुक्रवारही कोरडा गेला. त्या दुपारी जेवण अर्धं टाकून ते पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी लगेच उठले. खिडकीशी जाऊन पिशवी काढली. पिशवी रिकामी होती. वर्षानुवर्षांचं गुंतवळ, सगळं, शेवटच्या वेटोळ्यापर्यंत संपलं होतं. इडलीपात्र मोरीतून वाहून गेलं होतं.

मग काय करणार? पुढचा आठवडाभर मी माझे स्वतःचे केस जमवले. कधी नाही ते दिवसातून चार वेळा विंचरलं. शुक्रवारी अंघोळीला गेले, दाराला नीट कडी लावली, जाळी उचलली, आत्याबाईंनी घातलं तसंच सगळं घातलं. हातून नीट होईना, लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. नेसून बाहेर आले आणि जमेल तेवढा वैतागलेला आवाज काढून म्हणाले, “मामंजी, मेली ती मोरी पुन्हा तुंबली!”

एकदम उठले. काठी, डबा, स्टूल. आकडा घातला, फिरवला, ओढला. वर आलेला गोळा त्यांनी उजेडात धरला आणि बघतच राहिले. माझ्या लक्षात आलं आणि जीभ चावली. मी मेंदी लावते. गोळा जास्वंदीसारखा लालभडक होता.

“हें तुझें,” मामंजी म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी खाली मान घालून उभी राहिले. म्हटलं, “आत्याबाईंची पिशवी संपली.”

“ठाऊक आहे.” त्यांनी गोळा कागदात नीट गुंडाळला. “वेटोळ्यावरून पहिल्याच खेपेला कळलें. तू ओंजळींत धरून बाहेर टाकायला चाललीस, दारांतून दिसलें. पन्नास वर्षें ती माझ्यासमोर बसून तें बोटाला गुंडाळिते. मला कळणार नाही काय?”

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज नेहमीसारखा चढलाच. “आम्ही इकडे घाण उपसतोय, ह्यांनी त्या पाइपवाल्याशी दावा मांडलाय, आणि तुम्हाला सगळं ठाऊक!”

ते स्टुलावर बसूनच होते, आकडा पुसत. “मोरी तुंबली म्हणून मी काय उठणार गे? कंटाळा आला होता मला. मोरी उद्या प्लंबर काढिता. पण ती बाई, एका केसासाठी तुझ्याशी दोन दिवस न बोललेली, तिनें आपल्या हातानें आपले केस मोरींत घातले. मी पडून राहिलो असतो तर तिचें तें पाप फुकट गेलें असतें.”

मी उठून घागरी भरल्या. दोन घागरी आणून दिल्या, त्यांनी ओतल्या, गुडगुड झाली. “गेली,” म्हणाले, हळूच. मग म्हणाले, “तिला सांगू नोको. आणि मेंदीचें आता पुरे.”

आत्याबाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला सक्त मनाई केली होती, तेल तर लांबच. शुक्रवार आला. त्या पलंगावर बसून होत्या, सारखी चुळबुळ. मला जवळ बोलावून कानात विचारलं, “मी नसतांना तुंबली होती काय गे?” मी म्हटलं, तुंबली होती. “ह्यांनी काढली?” काढली. त्यांचा चेहरा उजळला, पण क्षणभरच. आजची काळजी होतीच. डोक्यावरून पाणी नाही, पिशवीत केस नाही, आज काय करायचं? त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. मला सगळं कळत होतं आणि मामंजींनी बजावलं होतं, म्हणून मी हात चोळत उभी होते.

तेवढ्यात मामंजी न्हाणीघरातून तोंड धुऊन बाहेर आले. दारात थांबले, आमच्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “पाणी जात नाही!”

“खरेंच काय?” आत्याबाई ताडकन उठल्या.

“मग खोटें बोलतो? डबा दे गे इकडे.”

मी डबा दिला. काठी दारालाच टेकवून ठेवली त्यांनी. स्वच्छ, खळखळ वाहत्या मोरीत मामंजी स्टुलावर बसून आकडा फिरवत राहिले, मधूनमधून “अय्यो, काय अडकलें आहे” म्हणत. सोडा टाकला. गरम पाणी मागितलं. दोन घागरी ओतल्या आणि घुमेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “गेली!”

आत्याबाईंनी काळा चष्मा वर करून डोळे पुसले. पुसायचे नाहीत, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाहिलेंस? ह्यांच्यावांचून चालतें काय ह्या घराचें?”

“नाही चालत,” मी म्हटलं आणि कॉफी टाकायला गेले.